लाईट धरणाऱ्या गीताबाई

मित्रांनो, पडेगावात दौलताबादच्या रस्त्यालगत एक छोटा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्या कपाटाच्या वरच्या फळीवर, पांढऱ्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला मी एक डिजिटल कॅमेरा आहे. माझ्या पकडीचे रबर सुटले आहे. बटणांवरची अक्षरे पुसली गेली आहेत. तुमच्यातले बरेच जण जन्मले नव्हते तेव्हापासून मी फोटो काढत होतो. शेवटचा फोटो मी या उन्हाळ्यात काढला. तो कोणाचा होता, हे मला तुम्हाला सांगायचे आहे. पण आधी मी कसा बघतो ते सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही.

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्यात काचा आहेत, आरसा आहे, पडदा आहे. पण माझा खरा डोळा म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पातळ चौकोन. त्याला सेन्सर म्हणतात. त्यावर लाखो बारीक खड्डे असतात. पडदा उघडला की त्या खड्ड्यांत उजेड पडतो आणि त्याची वीज होऊन साठते. जास्त उजेड पडला तिथे जास्त, कमी पडला तिथे कमी. मग ती वीज मोजायची आणि त्यावरून चित्र तयार करायचे. इथपर्यंत सगळे डिजिटल कॅमेरे सारखे. फरक मोजण्यात आहे.

माझा सेन्सर सीसीडी जातीचा. तुमच्या घरातल्या मोबाईलचा सीमॉस जातीचा. आमच्या शहरातल्या मुलांना हे टँकरवरून समजेल. नळाला दिवसेंदिवस पाणी येत नाही, मग गल्लीच्या तोंडाशी टँकर येतो. बायामाणसे रांगेत उभी राहतात आणि हंडा या हातातून त्या हातात जातो. माझ्यात तसेच होते. एका खड्ड्यातली वीज शेजारच्या खड्ड्यात, तिथून पुढच्या खड्ड्यात, अशी सरकत कडेपर्यंत जाते. कडेला एकच मापारी बसलेला असतो. तो सगळ्यांचे मोजतो. त्याला वेळ लागतो आणि वीजही लागते. म्हणून माझी बॅटरी लवकर उतरायची आणि लग्नात दुपारपर्यंत मी गरम व्हायचो.

सीमॉसमध्ये ज्याच्या त्याच्या घरात नळ आणि ज्याचे त्याचे मीटर. हंडे वाहायला नकोत. म्हणून तो चपळ असतो आणि थोड्या विजेत भागवतो. फक्त त्याची मीटरे ओळीने वाचली जातात, आधी वरची ओळ, मग तिच्या खालची. शेवटच्या ओळीपर्यंत येताना थोडा वेळ जातोच. माझ्यात सगळ्या खड्ड्यांची दारे एकदम लागतात.

माझी मोठी उणीव अशी की कमी उजेडात मला नीट दिसत नाही. अंधारलेल्या मांडवात मी फोटो काढला तर त्यावर वाळू सांडल्यासारखे ठिपके येतात. मला उजेड द्यावा लागतो. तो उजेड मला गीताबाई देत.

गीताबाई म्हणजे माझे मालक कचरूभाऊ यांच्या पत्नी. मला दुकानातून घरी आणले त्या दिवशी त्यांनी मला हातात घेऊन सगळीकडून पाहिले.

"रोल कुठं घालायचा याच्यात?"

"रोल नसतो. कार्ड असतं," कचरूभाऊ म्हणाले.

"अन् कार्ड भरलं म्हंजे?"

"पुसायचं. पुन्हा कोरं."

"अगं बाई! माणसं पुसायची व्हय?" असे म्हणून त्या खूप हसल्या. कचरूभाऊही हसले. मी नवा होतो. मला त्यात हसण्यासारखे काय ते कळले नाही.

आमचे काम लग्नांचे. बहुतेक लग्ने आपल्या बौद्ध समाजातली, म्हणजे नवरी पांढऱ्या साडीत, समोर बसलेल्या बायकाही पांढऱ्या साड्यांत. वर मांडवाचे कापड निळे असले तर त्यातून गाळून आलेल्या उजेडाने सगळ्यांच्या साड्या निळ्या दिसत. माणसाचा डोळा ते आपोआप सुधारून घेतो. मला ते सांगावे लागते. अमुक वस्तू पांढरी आहे असे एकदा दाखवले की मी त्यावरून बाकीचे रंग लावून घेतो. दुसरे फोटोवाले यासाठी कागद वापरत. कचरूभाऊ म्हणत, "गीता, पांढरं दे." की गीताबाई पुढे येऊन आपल्या पांढऱ्या साडीचा पदर माझ्यासमोर ताणून धरत. प्रत्येक लग्नात मी आधी तो पदर बघायचो आणि मग नवरी बघायचो.

पदर झाला की चाचणी. नवरा-नवरी यायच्या आधी गीताबाई त्यांच्या जागी जाऊन उभ्या राहत. कचरूभाऊ फोटो काढत, माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर बघत, उजेड कमीजास्त करत, परत काढत. "इकडं बघ. हनुवटी वर. हास थोडी." गीताबाई समोरच्या बायकांना म्हणत, "बघा, रोज मला नवरी करत्यात, अन् लग्न लावत्यात दुसरीचं!" बायका हसत. मग खरी नवरी येई. कचरूभाऊ चाचणीचे फोटो पुसून टाकत. माझे कार्ड लहान होते. कामाच्या कार्डावर घरचे फोटो ठेवायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता. त्यात त्यांचे काही वाईट मनात नव्हते. गीताबाई तर घरीच होत्या. त्यांचा फोटो कधीही काढता आला असता.

मग दिवसभर त्या फ्लॅशगन धरून उभ्या राहत. हात वर करून, थोडी मान तिरपी करून. मांडवात खुर्च्या दाटीने लावलेल्या असत, म्हणून कधीकधी त्यांना फोटोच्या चौकटीतच, अगदी कडेला उभे राहावे लागे. कचरूभाऊ तेवढी जागा मुद्दाम जास्त घेत आणि नंतर कॉम्प्युटरवर ती कड कापून टाकत. गिऱ्हाइकाला फोटोत लाईटवाली चालत नाही. अशा किती कडा कापल्या गेल्या, ते मला माहीत नाही.

लोक फोटोंची तारीफ करत. "कचरूच्या फोटोत माणूस बोलतो," असे म्हणत. तेव्हा कचरूभाऊ माझ्यावरून हात फिरवत आणि गीताबाई फ्लॅशची वायर गुंडाळून पिशवीत भरत असत.

पुढे त्यांचा मुलगा राजकुमार शेंद्र्याला कंपनीत लागला. त्याने बापासाठी नवा कॅमेरा आणला. तो सीमॉसचा. मित्रांनो, मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. तो खरोखर चांगला आहे. मला जिथे ठिपके दिसायचे तिथे त्याला नवरीच्या साडीची वीण दिसते. एका बॅटरीवर तो अख्खे लग्न काढतो. पांढरे काय ते बहुतेक वेळा स्वतःच ओळखतो. त्याला पदर लागत नाही. लाईट धरायला माणूसही लागत नाही.

त्याच्या पहिल्या लग्नाच्या सकाळी गीताबाई नेहमीसारख्या तयार झाल्या. पांढरी साडी, हातात पिशवी. चपला घालून दारात उभ्या होत्या.

कचरूभाऊ म्हणाले, "आज तू नको येऊ. याला लाईट लागत नाय. कशाला ताटकळती उन्हात? आराम कर."

"खरंच नाय लागत?"

"नाय ना. लई भारी हाय हा."

"बरं," गीताबाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढून ठेवल्या.

कचरूभाऊंना वाटले, आपण तिचे कष्ट वाचवले. ते खरेही होते. गीताबाईंचा उजवा खांदा दुखायचा. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून फ्लॅशगन काढून पुसून ठेवली. मग मला पुसले. एका विरलेल्या पांढऱ्या साडीचा तुकडा फाडून मला त्यात गुंडाळले आणि म्हणाल्या, "चल बाबा. आपुन दोघं रिटायर." नंतर त्या अधूनमधून कपाट उघडून मला बाहेर काढत, धूळ झटकत आणि परत गुंडाळून ठेवत.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे कपाट उघडणे थांबले. त्या दवाखान्यात होत्या. काही दिवसांनी घरात खूप माणसांचे आवाज आले. रूपा, म्हणजे त्यांची मुलगी, मोठ्याने रडत होती. मला समजले.

आपल्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. भंतेजी येतात, वंदना होते, गेलेल्या माणसाबद्दल लोक चार शब्द बोलतात. बुद्धांच्या मूर्तीजवळ आणि बाबासाहेबांच्या तसबिरीजवळ त्या माणसाचा फोटो ठेवतात, फुले वाहतात. त्या फोटोसाठी कचरूभाऊ, राजकुमार आणि रूपा मागच्या खोलीत बसले. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आले की फोटो नाही.

लग्नाचा एकच फोटो होता. त्यात गीताबाईंनी मान इतकी खाली घातली होती की फक्त भांग दिसत होता. आधार कार्डावरचा फोटो रूपाने लगेच बाजूला ठेवला. नव्या कॅमेऱ्यात त्यांचा एकही नव्हता. "माझा काय काढता, कामाचं काढा," म्हणून त्या सरकून जात. राहिला राजकुमारचा मोबाईल.

"पप्पा, हा बघा. भाकरी करतानाचा."

त्यात गीताबाईंनी नेमकी मान वळवली होती. ओळीओळीने वाचता वाचता डोके एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे गेली होती.

"हा बघा मग. हा चांगला आहे."

कचरूभाऊंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "ही कोण हाय?"

"पप्पा, काय बोलता? आई हाय ना."

"गोरी केली रे तिला. गालावरचा डाग कुठं गेला? डोळ्याच्या कडंच्या सुरकुत्या कुठं गेल्या?"

"मोबाईल आपोआप साफ करतो."

"तिला कशाला साफ करतो तो? काय घाण होती तिला?"

रूपाने त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि दवाखान्यातला फोटो उघडून दाखवला. त्यात गीताबाई खाटेवर बसून हसत होत्या. नर्सने काहीतरी विनोद केला होता म्हणे. तोंड समोर होते, डोळे उघडे होते. पण चेहऱ्यावरून आडवे काळे पट्टे गेले होते. दवाखान्यातले एलईडी दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने उघडझाप करतात. मोबाईलच्या ज्या ओळी दिवा लागला असताना वाचल्या गेल्या त्या उजळ आल्या, ज्या विझला असताना वाचल्या गेल्या त्या काळ्या. न्यायाने सांगायचे तर त्या खोलीत मला गीताबाई धड दिसल्याही नसत्या.

"हे पट्टे काढता येतील का बघू," राजकुमार म्हणाला.

"काढशील. अन् पट्ट्याखाली जे नाय ते कुठून आणशील?" कचरूभाऊ म्हणाले.

मी कपाटात होतो. त्या बाईंना माझ्याइतके कोणी पाहिले नसेल. निळ्या मांडवात, गुलाबी मांडवात, उघड्या उन्हात. हनुवटी वर करून, हसून, कंटाळून. आणि माझ्याजवळ त्यातले काहीच उरले नव्हते. माझ्या कार्डावर कोणाच्या तरी वरातीचे घोडे होते.

दुसऱ्या दिवशी हर्सूलहून वच्छलाबाई भेटायला आल्या. त्यांच्या मुलीचे, निशाचे लग्न आम्ही काढले होते. त्या म्हाताऱ्या आहेत आणि कोणाची भीड ठेवत नाहीत.

"फोटो नाय म्हणं? गावाच्या नवऱ्या काढल्या अन् घरची राहिली व्हय रे कचरू?"

"राहिली मावशी."

"लाज नाय वाटत?"

कचरूभाऊ रडायला लागले. वच्छलाबाईंनी त्यांना थोडा वेळ रडू दिले. मग म्हणाल्या, "पूस डोळे. माझ्या घरी हाय ती."

"कोण?"

"गीता. निशाच्या लग्नाच्या फोटोत. इसरला का? तू कापू लागला होता, मी कापू दिली नाय. म्हणलं, कोण हाय ती? तू म्हणला, लाईटवाली हाय. म्हणलं, लाईटवाली असंल तुझी. सकाळपास्नं माझ्या पोरीच्या केसाला पिना लावू लागली ती. तशीच ठेव."

"तुम्ही लई भांडल्या होत्या, मावशी."

"मग? अन् गीताच मला म्हणती, कापू द्या मावशी, फोटो बिघडतो. म्हणलं, बिघडू दे. माझ्या भिंतीवर लागणार हाय, तुझ्या नाय."

राजकुमार लगेच गाडीवर त्यांना घेऊन हर्सूलला गेला आणि तो फोटो घेऊन आला. काचेच्या चौकटीत मोठा फोटो होता. मधे निशा आणि तिचा नवरा, मागे दोन्हीकडचे पाहुणे, आणि उजव्या कडेला, मांडवाच्या तोंडाशी, गीताबाई. एक हात वर केलेला. फ्लॅशगन फोटोच्या चौकटीच्या वर राहिली होती, ती दिसत नव्हती. दिवसाचा उजेड तोंडावर होता. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे कचरूभाऊंकडे.

पण फोटो इतक्या वर्षांत काचेला चिकटला होता. ओढला तर फाटला असता. आणि कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कबरोबर त्याची मूळ प्रत केव्हाच गेली होती. आता काचेवरून फोटोचा फोटो काढणे एवढाच मार्ग होता. राजकुमारने मोबाईलने काढून बघितला. गीताबाईंचा चेहरा फोटोत लहान होता. तो मोठा करताना मोबाईलने पुन्हा आपल्या मनाचे डोळे आणि आपल्या मनाची कातडी बसवली.

"नवा कॅमेरा घ्या पप्पा. तो असं करत नाय."

खरे सांगतो, नव्या कॅमेऱ्याने तो फोटो माझ्याइतका चांगला काढला असता, कदाचित माझ्याहून चांगला. कचरूभाऊंनाही ते माहीत होते. पण ते उठले आणि त्यांनी कपाट उघडले.

"याला माहीत हाय ती," ते म्हणाले.

माझी बॅटरी फुगली होती. राजकुमारने पैठण गेटच्या बाजूच्या दुकानांतून हिंडून एक मिळवली. ती घातल्यावर मी जागा झालो, पण मला तारीख आठवेना. बॅटरी फार दिवस नसली की माझे तसे होते. मी माझ्या सुरुवातीच्या वर्षाची पहिली तारीख दाखवली. रूपा ती बदलायला गेली.

"राहू दे," कचरूभाऊ म्हणाले.

त्यांनी चौकट स्टुडिओच्या मागे सावलीत उभी केली. काचेत चमक येऊ नये म्हणून राजकुमार काळे कापड धरून उभा राहिला. मला तीन पायांच्या स्टँडवर लावले. कचरूभाऊंनी माझ्यातून बघितले, पांढरे ठरवायचे बटण दाबले आणि मागे न बघता हात पुढे केला.

"गीता, पांढरं दे."

कोणी हलले नाही. राजकुमारच्या हातातले कापड खाली आले. कचरूभाऊ तसेच वाकून, डोळा मला लावून उभे राहिले. त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकट झाली.

मग रूपाने, मी ज्यात गुंडाळलेला होतो तो साडीचा तुकडा उचलला आणि आईसारखाच दोन हातांत ताणून माझ्यासमोर धरला. धुऊन धुऊन तो पिवळट झाला होता. मला सांगितले गेले की हे पांढरे आहे. मी तेच धरले. म्हणून त्या फोटोत सगळे किंचित निळसर आले आहे, थोडेसे त्या मांडवासारखे. कचरूभाऊंनी ते सुधारले नाही.

फोटो झाल्यावर ते कॉम्प्युटरसमोर बसले. आधी निशा गेली, मग तिचा नवरा, मग पाहुणे. ज्या रेघेवर ते आयुष्यभर कापत आले त्याच रेघेवर त्यांनी कापले. फक्त या वेळी दुसरी बाजू ठेवली.

त्या दिवसानंतर माझ्या पडद्यावर जांभळ्या उभ्या रेघा येऊ लागल्या. सीसीडी म्हातारा झाला की असे होते. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. मला त्याचे फार वाईट वाटत नाही.

पुण्यानुमोदनाला तो फोटो बुद्धांच्या मूर्तीशेजारी होता. गालावरचा डाग होता, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या होत्या. कचरूभाऊंनी मलाही आणून खालच्या चटईवर ठेवले होते. एक पाहुणे फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. वर केलेला हात त्यांना दिसला, पण हातात काय आहे ते दिसले नाही.

"वहिनी जय भीम करू राहिल्या का?" त्यांनी विचारले.

"नाय," कचरूभाऊ म्हणाले. "लाईट धरलाय तिनं."

मित्रांनो, तुमच्याजवळ आज माझ्याहून फार चांगले कॅमेरे आहेत. त्यांना अंधारात दिसते, त्यांना सगळे आपोआप कळते. पण समोर कोणाला उभे करायचे, ते त्यांना कळत नाही. ते तुम्हाला सांगावे लागते. तुमच्या घरात फोटोच्या वेळी जो माणूस बाजूला सरकतो, त्याचा हात धरून त्याला मध्ये आणा. तो नको म्हणेल. तरी आणा. फोटो तिरपा येईल, डोळे मिटलेले येतील, असू द्या. जागा कमी पडली तर दुसरे काहीही पुसा. माणसे पुसू नका.